नॅनो किमो: मोबाइलवरचा व्हिडिओ आणि गालातली जखम

घिवलीला आम्ही गेलो होतो ते वेगळ्याच कामासाठी. अंकाची वर्गणी गोळा करायची आणि रविवारच्या वंदनेनंतर विहारात महिला मंडळाशी रक्तदाबावर थोडे बोलायचे, एवढेच ठरले होते. बोलणे झाले, चहा झाला, बाया उठायला लागल्या. एक मुलगी मात्र मोबाइल हातात धरून मागेच थांबली. तिने एक व्हिडिओ लावून दाखवला. पांढरा कोट घातलेला माणूस सांगत होता: तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरवर आता नॅनो किमो आली आहे. ऑपरेशन नको, केस गळणार नाहीत, उलट्या नाहीत, औषध थेट कॅन्सरच्या पेशीत जाते, बाकी शरीराला कळतसुद्धा नाही.

"हे खरं आहे का, ताई?" तिने आमच्यातल्या नर्सताईंना विचारले.

तिचे वडील बोईसरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. वय बावन्न. सोळाव्या वर्षापासून तंबाखू-चुना, मळून डाव्या गालात धरायची सवय. त्याच गालात पाच महिन्यांपासून जखम होती. तुकडा काढून तपासला होता, त्यात कॅन्सर निघाला होता आणि डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा असे स्पष्ट सांगितले होते. त्याला दोन महिने उलटून गेले होते. घरात भीती होती की जबडा कापला तर तोंड वाकडे होईल, मग जेवणार कसे, कामावर कोण ठेवील. अशा घरात हा व्हिडिओ आला. त्याखालच्या नंबरवर फोन केला तर चार लाख रुपये सांगितले, त्यातले निम्मे आधी. आईच्या कानातले आणि गळ्यातले मोडायचे घरात ठरतही आले होते.

त्या मुलीला त्या दिवशी जे सांगितले, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. कारण हा व्हिडिओ एकट्या घिवलीत फिरत नसणार.

आधी नॅनो म्हणजे काय ते पाहू. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण ऐंशी हजार ते लाख नॅनोमीटर जाड असतो. आपले नख एका सेकंदात साधारण एक नॅनोमीटर वाढते. कॅन्सरच्या नॅनो औषधांचे कण बहुतेक शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. औषध नवेच असते असे नाही. बऱ्याचदा ते जुनेच असते, त्याला चरबीचे, प्रथिनाचे किंवा दुसऱ्या कशाचे बारीक वेष्टन घातलेले असते.

हे वेष्टन कशासाठी? साधी किमो सलाइनमधून रक्तात जाते आणि रक्त जिथे जाते तिथे सगळीकडे पोचते. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणे हे तिचे काम. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, पण केसांची मुळे, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, रक्त तयार करणारा हाडांतला मगज हेही भराभर वाढणारेच. औषधाला आपला-परका कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येते, पांढऱ्या पेशी कमी होतात. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त वापरले जाते ते सिस्प्लॅटिन. ते प्लॅटिनम या धातूपासून केलेले औषध आहे. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये मान्यता मिळाली. औषध स्वस्त आणि गुणकारी आहे, पण मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देते. म्हणूनच सिस्प्लॅटिन देण्याआधी आणि नंतर सलाइन लावतात, पाणी भरपूर प्यायला सांगतात.

हेच औषध गाठीत जास्त आणि बाकी अंगात कमी नेता आले तर? या विचारातून नॅनो औषधांचे काम सुरू झाले. गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते, आणि घाईघाईत उभारलेल्या कुडाला फटी राहाव्यात तशा त्या वाहिन्यांच्या भिंतींना फटी राहतात. नॅनो कण चांगल्या रक्तवाहिनीतून बाहेर पडत नाही, पण या फटींतून गाठीत शिरतो. गाठीत निचऱ्याची सोय धड नसते, त्यामुळे शिरलेला कण तिथेच राहतो. जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हे दाखवले. दुसरी युक्ती म्हणजे कणाला खूण लावायची. तोंडाच्या आणि घशाच्या बहुतेक कॅन्सर पेशींच्या अंगावर ईजीएफआर नावाचे प्रथिन नेहमीपेक्षा जास्त असते. ते ओळखून त्याला चिकटणारा घटक कणावर बसवला, तर कण नेमका तिथे जाऊन बसावा अशी कल्पना.

तिसरी युक्ती आम्हाला सर्वांत आवडली, आणि घिवलीच्या बायांना तर ती लगेच समजली. तोंडातली गाठ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. मग औषध रक्तातून कशाला फिरवायचे? सरळ गाठीवरच चिकटवावे. अमेरिकेत अशी एक पट्टी तयार झाली आहे. तिच्यात सिस्प्लॅटिनचे बारीक कण असतात आणि ते कण कायटोसान नावाच्या पदार्थात गुंडाळलेले असतात. कायटोसान मिळतो कोळंबी-चिंबोरीच्या कवचांपासून. आपण सोलून उकिरड्यावर टाकतो तीच ही कवचे! २०२२ मध्ये या पट्टीचा अभ्यास 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात छापून आला. ऑपरेशनच्या आधी पट्टी लावली, तर आठवडाभरात गाठीचा आकार दोन-तृतीयांशाच्या आसपास कमी झालेला दिसला, आणि औषध रक्तात फारसे उतरले नाही. बातमी चांगली आहे. पण रुग्ण किती होते? दहा. आणि त्यांचे ऑपरेशन टळले नव्हते, पट्टीनंतर ते ठरलेलेच होते.

म्हणजे व्हिडिओ पूर्ण खोटा नाही. नॅनो औषध ही हवेतली गोष्ट नव्हे. चरबीच्या बारीक थेंबात भरलेले डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ पासून मिळते. पॅक्लिटॅक्सेल नावाचे औषध पाण्यात विरघळत नाही. ते पूर्वीपासून एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रवात मिसळून देतात. त्या द्रवाची काहींना जोराची अॅलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावे लागते. २००५ मध्ये त्याला अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे वेष्टन घातलेले नॅनो रूप अमेरिकेत मंजूर झाले, आधी स्तनाच्या, पुढे फुप्फुसाच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी. ते भारतातही मिळते. पण हे खरेखुरे, मंजूर असलेले नॅनो औषध घेतले तरी बहुतेकांचे केस जातातच, आणि हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. "केस गळणार नाहीत" हे वाक्य ऐकले की आमचा तरी त्या व्हिडिओवरचा विश्वास तिथेच उडतो.

दुसरी गोष्ट व्हिडिओवाले कधीच सांगत नाहीत. टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला. नसेतून दिलेल्या नॅनो कणांपैकी गाठीपर्यंत पोचले किती? निम्म्या प्रयोगांत हजारातले सातसुद्धा नाहीत. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच गाळून घेतात. म्हणून हे काम प्रयोगशाळेत लवकर जमते आणि माणसापर्यंत यायला वेळ लागतो. २०२२ पासून युरोपात आणि इतर देशांत एक मोठी चाचणी चालू आहे, तिच्यात हाफ्नियम या धातूचे नॅनो कण सुईने थेट गाठीत सोडून मग लाइट देतात. सिस्प्लॅटिन सोसणार नाही अशा वयस्क रुग्णांसाठी ती आहे. तिचा निकाल चांगला यावा असे आम्हालाही वाटते. पण आज तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर ऑपरेशन आणि लाइट टाळून घ्यावी अशी कोणतीही नॅनो किमो प्रमाणित उपचारांत नाही. कोणी आहे म्हणत असेल, तर त्याच्याकडे कागद मागावा.

नव्या औषधाची चाचणीच चालू असेल तर ती उघडपणे चालते. भारतात जून २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची सरकारी नोंद सक्तीची आहे आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते, रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. चाचणीतल्या औषधासाठीच कोणी पैसे मागू लागले, तेही निम्मे आगाऊ, तर पायात चपला घालून बाहेर पडावे.

आता जरा जवळचे पाहू. आपल्या शेजारी तारापूरचा अणुप्रकल्प आहे. तो ज्या अणुऊर्जा विभागाखाली येतो, त्याच विभागाखाली १९६२ पासून परळचे टाटा हॉस्पिटलही आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या हॉस्पिटलात तोंडाच्या कॅन्सरवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत झालेले संशोधन जगभर वाचले जाते. आणि त्यातले बरेचसे महागड्या औषधांचे नाही, स्वस्तात काय जमेल याचे आहे.

२०२० मध्ये त्यांनी ४२२ रुग्णांचा अभ्यास छापला. हे सगळे आजार खूप पुढे गेलेले, बरे होण्याची आशा नसलेले. निम्म्यांना तीन आठवड्यांनी एकदा सिस्प्लॅटिनचे सलाइन दिले, निम्म्यांना घरी घ्यायच्या गोळ्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब. गोळ्या घेणारे सरासरी थोडे जास्त जगले, साडेसात महिने विरुद्ध सहा, आणि त्रास पुष्कळ कमी झाला. फरक महिन्या-दीड महिन्याचा. लहान वाटतो, पण घरी राहून, सलाइनशिवाय, कमी खर्चात. (इथे एक इशारा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. ही गोळी दुकानातून परस्पर आणायची नाही.)

त्यानंतरचे काम आणखी पुढचे. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागे करणारे औषध इतके महाग की ते आपल्या माणसांनी फक्त नावानेच ऐकायचे. टाटाच्या डॉक्टरांनी विचारले की नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा, तेवढा खरोखर लागतो का? त्यांनी तीन आठवड्यांनी एकदा फक्त २० मिलिग्रॅम दिले, बाराव्या हिश्शाइतके, आणि सोबत तीन प्रकारच्या गोळ्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्या शंभरातले सोळा रुग्ण वर्षानंतर हयात होते. गोळ्यांसोबत हे थोडेसे औषध मिळालेल्यांत त्रेचाळीस. हा अभ्यास २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्याला नॅनोचे झळझळीत नाव नाही, म्हणून त्याचा व्हिडिओ कोणी फिरवत नाही.

पण हे सगळे आजार हाताबाहेर गेल्यावरचे आहे. घिवलीच्या त्या घरात आजार अजून हातात होता, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटले. जखम गालापुरती होती, मानेत हाताला गाठ लागत नव्हती. अशा वेळी पहिला आणि खरा उपचार ऑपरेशनच. मानेचे ऑपरेशन पण करावे लागेल म्हटल्यावर घरचे बिचकले, कारण मानेत तर काही दिसत नाही. याचेही उत्तर टाटाच्याच अभ्यासात आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तोंडाच्या लहान गाठीसोबत मानेतल्या गाठीही लगेच काढलेले शंभरातले ऐंशी रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, आणि मानेत गाठ आली तर बघू म्हणून थांबलेले सदुसष्ट-अडुसष्ट. तेरा माणसांचा फरक आहे शंभरात. आपल्या आळीत कोण ते तेरा, हे आधी कळत नाही.

वडिलांशी आम्ही त्या दिवशी बोललो नाही, ते दुसऱ्या पाळीला गेले होते. पुढच्या रविवारी परत गेलो. ते ओटीवर बसले होते, तोंड दोन बोटांच्यावर उघडत नव्हते. म्हणाले, "बाबा, मला मरायची भीती नाय. पण पोरीचं लगीन ऱ्हायलंय आणि मी तोंड बांधून बसू का?" यावर काय बोलायचे ते आम्हाला लगेच सुचले नाही. नर्सताईंनी मात्र ऑपरेशननंतर गालात मांडीची किंवा छातीची कातडी लावून जागा कशी भरतात, बोलायचे आणि गिळायचे व्यायाम कसे असतात ते सगळे न लपवता सांगितले. तोंड थोडे ओढलेले दिसेल, हेही सांगितले. माणसाला खोटे सांगितले नाही की तो ऐकतो, हा आमचा जुना अनुभव.

पैशांचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, किमो आणि लाइट तिन्ही बसतात. पूर्वी पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत होते, २०२४ पासून ते पाच लाख झाले आहे. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड, आधार आणि तुकडा तपासणीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याच्याकडे जायचे, बिल भरल्यानंतर नाही. या घरात रेशन कार्डावर वडिलांचे नाव एका अक्षराने वेगळे निघाले आणि ते दुरुस्त करण्यात नऊ दिवस गेले. आपापली कार्डे आजच काढून बघावीत.

प्रवासाचेही सांगतो. डहाणूपासून चर्चगेटपर्यंत लोकल २०१३ पासून आहे, बोईसरला चढून दादरला उतरता येते. कॅन्सरच्या रुग्णाला लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बसता येते, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवावा. बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाचे पुष्कळ रुग्ण तिथेच राहून उपचार घेतात. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारले की चिठ्ठीची माहिती मिळते.

घिवलीत आणखी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळणे बरोबर नाही. हे एमआयडीसीमुळे तर नाही? प्रकल्पामुळे तर नाही? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत प्रदूषणाला तारापूर पहिल्या क्रमांकावर होते. खाडीचे पाणी आणि मासळी यांचे काय झाले ते इथल्या लोकांना कोणी सांगायला नको. तो लढा वेगळा आहे आणि तो लढलाच पाहिजे. पण तोंडाच्या कॅन्सरचे कारण शोधायला आपल्याला कारखान्यापर्यंत जावे लागत नाही, ते खिशातल्या पुडीत आहे. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत दर चार मोठ्या माणसांमागे जवळपास एक जण न ओढता घ्यायची तंबाखू खाताना किंवा लावताना आढळला. गुटखाबंदी जुलै २०१२ ची, आणि पुडी टपरीवर आजही मिळते. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. आणि बायांनो, मशेरी ही तंबाखूच आहे. ती दात घासायला लावली म्हणून औषध होत नाही. त्या रविवारी विहारात आम्ही विचारले तेव्हा आधी कोणी हात वर केला नाही. मग एक आजी हसली आणि तिच्या मागोमाग अकरा हात वर झाले.

त्या अकरा जणींची तोंडे नर्सताईंनी तिथेच टॉर्च लावून पाहिली. तुम्हीही घरी आरशासमोर उजेडात पाहू शकता. गालाच्या आत, जिभेच्या कडेला आणि खाली, ओठ उलटून. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, आवाज बसलेलाच राहणे, दात उगाच हलायला लागणे यापैकी काही दिसले तर जाऊन दाखवायचे. तोंडात उभी तीन बोटे जात नसतील तरीही जायचे, दुखत नसले तरी. सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे तोंड सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना सांगितले की तारीख कळते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ हजारो घरांत अशी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक-तृतीयांशाने कमी झाले. हा अभ्यास २००५ चा. टॉर्च आणि तपासणारा माणूस, एवढीच सामग्री. आमच्या अकरांपैकी दोघींना पांढरे चट्टे निघाले. एकीने मशेरीचा डबा त्याच दिवशी गटारात ओतला. दुसरी अजून "सोडते, सोडते" म्हणते आहे.

मुलीचे वडील शेवटी गेले. गळ्यातले मोडले नाही. ऑपरेशन झाले, मानेतल्या गाठी काढल्या, त्यातल्या एकीत कॅन्सर निघाला, म्हणून आता तीस दिवसांची लाइट आणि सोबत सिस्प्लॅटिन चालू आहे. तीच जुनी, विनावेष्टनाची. पाणी पाजून पाजून मुलगी दमते. त्यांना उलट्या झाल्या, चव गेली, तोंड आतून सोलले आहे. मागच्या आठवड्यात फोन केला तेव्हा अठरावी लाइट झाली होती. शब्द थोडे जड येत होते, पण समजत होते. म्हणाले, भाताची पेज पिऊन कंटाळा आला, बोंबलाचा रस्सा कधी चालेल ते डॉक्टरला विचारून सांगा. आम्ही विचारले. लाइट संपून तोंड भरेपर्यंत तिखट नाही, पण बोंबील बिनतिखटाचे उकडून, कुस्करून आजपासूनच चालतील. त्यांना ते सांगितले तर ते फोनवर म्हणाले, त्याला काय बोंबील म्हणायचं?